भयाची अक्षरे

भयपट करू पाहणारे विद्यार्थी भित्तिपत्रकासाठी अक्षरवळण शोधू लागले, की त्यांचा हात प्रथम रक्त ओघळणाऱ्या तयार टंकाकडे जातो. भयपटाच्या अक्षरांचा इतिहास मात्र निराळेच सांगतो.

फेब्रुवारी १९२० मध्ये बर्लिन येथे रॉबर्ट वीने दिग्दर्शित ‘डॉक्टर कालिगारी’ची कथा सांगणारा मूकपट प्रदर्शित झाला. तत्पूर्वीच ‘तू कालिगारी झालेच पाहिजेस’ अशा अर्थाची भित्तिपत्रके शहरात झळकली होती. हेर्मान वार्म व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रपटातील भिंती, रस्ते, सावल्यादेखील वाकड्यातिकड्या रंगवल्या होत्या. मजकुराच्या पाट्यांचे वळणही तसेच होते. पुढे एका प्रसंगात भित्तिपत्रकावरचे तेच वाक्य वेड्यांच्या इस्पितळाच्या संचालकाभोवती हवेत उमटत जाते. त्याचा भ्रम प्रेक्षकाला दिसतो तो अक्षरांच्याच रूपाने.

त्या अक्षरांना रक्ताच्या थेंबाची गरज पडली नाही. ती कथेच्या पोटातून आली होती. म्हणून टंक निवडण्यापूर्वी या कथेत भीती नेमकी कोठून येते, हे विद्यार्थ्याने स्वतःला विचारावे. देवनागरीत नाव लिहिणाऱ्याच्या हाती तर शिरोरेषाही आहे. ती किंचित तुटली, तरी ओळखीचा शब्द परका वाटू लागतो.