सिम्बॉल-जोडणी (कर्नल मोड्यूलमधील)

चालू कर्नलमध्ये बाहेरून भरता येणाऱ्या तुकड्याला मोड्यूल म्हणतात. मोड्यूलने वापरलेल्या प्रत्येक फंक्शनच्या किंवा चलाच्या नावाला, म्हणजेच सिम्बॉलला, कर्नलमधला खरा पत्ता मिळवून देणे ही सिम्बॉल-जोडणी. पुढील विवेचन लिनक्सपुरते आहे.

मोड्यूलची ‘.केओ’ फाइल मुद्दाम अर्धवट जोडलेली ठेवतात. तिच्यातल्या काही नावांचे पत्ते रिकामे असतात आणि मोड्यूल लोड होताना ते भरले जातात. पूर्वी हे काम इन्समॉड हा बाहेरचा प्रोग्रॅम करी; डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीपासून कर्नल ते स्वतः करतो. कर्नलमधले प्रत्येक फंक्शन मात्र मोड्यूलला हाती लागत नाही. ‘एक्सपोर्ट-सिम्बॉल’ या खुणेने जाहीर केलेलीच नावे मिळतात. ‘एक्सपोर्ट-सिम्बॉल-जीपीएल’ ही खूण असलेली नावे तर जीपीएलशी सुसंगत परवाना सांगणाऱ्या मोड्यूललाच मिळतात.

नाव जुळले म्हणून भाग बसेलच असे नाही, हे पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पिंपरीत १९६६ पासून टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा कारखाना आहे, चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनचा. आणि अशा कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे व्हेंडर भोसरीपासून चाकणपर्यंत पसरले आहेत. ब्रॅकेटचा पार्ट नंबर तोच, पण ड्रॉइंगची रिव्हिजन बदलून दोन भोकांमधले अंतर दोन मिलिमीटरने सरकले, की जुना ब्रॅकेट असेंब्ली लाइनवर बसत नाही. कर्नलमध्ये ही रिव्हिजन सांभाळते ती ‘मॉडव्हर्जन्स’ सोय. फंक्शनचे आर्ग्युमेंट आणि त्यांनी वापरलेली स्ट्रक्चर्स यांवरून सीआरसी हा आकडा काढला जातो. स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड वाढले तरी आकडा बदलतो, आणि आकडे जुळले नाहीत की कर्नल मोड्यूल नाकारतो. नवख्याला हा जाच वाटतो. पण मुकाट बसलेले चुकीचे मोड्यूल भलत्याच जागी लिहू शकते, आणि कर्नलच्या आत त्याला अडवणारी भिंत नसते. म्हणून हा नकार मोलाचा आहे. त्यालाही मर्यादा आहेच: फंक्शनचा आकार तोच ठेवून आतले वागणे बदलले, तर सीआरसीला ते कळत नाही. ड्रॉइंग तेच, पोलाद वेगळे, अशी ती गत.

बांधणीच्या शेवटी ‘मॉडपोस्ट’ हा टप्पा न सुटलेली नावे तपासतो आणि जाहीर नावांची, त्यांच्या सीआरसींची नोंद ‘मोड्यूल.सिमव्हर्स’ फाइलीत करतो. कर्नलच्या सोर्सबाहेर वेगळे बांधलेले एक मोड्यूल दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर पहिल्याच्या बांधणीला दुसऱ्याची ही फाइल दाखवावी लागते. बऱ्याच तक्रारींचे मूळ इथेच सापडते. लोड करण्याचा क्रम ‘डेपमॉड’ने बनवलेल्या यादीवरून ‘मॉडप्रोब’ ठरवतो.

मूळ लिनक्स कर्नल मोड्यूलसाठीचा हा अंतर्गत सांधा आवृत्तीगणिक तसाच ठेवण्याचे वचन देत नाही. अँड्रॉइडने मात्र, अँड्रॉइड १२ आणि कर्नल ५.१० पासून, सगळ्यांसाठी एकच गाभा आणि हार्डवेअरचे खास काम व्हेंडर मोड्यूलमध्ये अशी विभागणी केली. शब्दही तोच, व्हेंडर. कर्नलच्या त्या शाखेत सिम्बॉलची ठरावीक यादी स्थिर ठेवली जाते. व्हेंडरला यादीबाहेरचे सिम्बॉल हवे असेल, तर ते आधी यादीत घालून घ्यावे लागते.