दारावर जाण्याची रीत

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात कुणी गेलं, की अस्थी विसर्जनासाठी जवळचं तीर्थ म्हणजे प्रकाशा. तापी-गोमाईच्या संगमावरच्या या गावाला दक्षिण काशी म्हणतात. गेलेल्यासाठी काय करायचं, हे तीर्थानं, पोथीनं आणि उपाध्यायानं कधीचंच ठरवून दिलं आहे. मागे राहिलेल्यांसाठी काय करायचं, याची मात्र पोथी नाही. ती रीत खानदेशात माणसांनीच सांभाळली. तिला दारावर जाणं, म्हणजे दुःखाच्या घरी भेटीला जाणं, म्हणतात. मर्तिकाच्या सगळ्या आचारांत मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. खर्चाला कात्री लावताना तेराव्याचं जेवण आधी जावं, दारावर जाणं नव्हे.

या रीतीची कामं बारीक आणि नेमकी आहेत. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भाऊबंद आणि शेजारी भाकरी-कालवण घेऊन येतात. हा कडू घास. ताट नुसतं पुढे सरकवून भागत नाही. थोरलं कुणीतरी शेजारी बसून दोन घास पोटात जातील एवढं पाहतं. पुढे सोयरे दुखवट्याचे कपडे आणतात. टोपी, उपरणं, लुगडं अंगावर आलं, की त्या माणसाला पुन्हा चारचौघांत वावरायला, शेताकडे जायला समाजाची मोकळीक मिळते. सांत्वन आणि सांभाळ यांची अशी सांगड राज्यकारभारातही होती. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना बालपरवेशी म्हणून नेमणूक मिळे. वारसांच्या पोटाची सोय लावणं हा मृताच्या सन्मानाचाच भाग मानला जाई.

जेवणामुळेच तर गोतावळा जमतो, असं कुणी म्हणेल. पण त्या जेवणाला खर्च लागतो, आणि कर्ज काढून कार्य करू नका, हे गाडगेबाबांनी जन्मभर कीर्तनातून सांगितलं. यावर खर्चाचा मुद्दा फुगवला जातो, असाही आक्षेप आहे, आणि त्याला आधार आहे. १८७५ मध्ये पुणे-नगरकडे सावकारांविरुद्ध झालेल्या शेतकऱ्यांच्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगानं लग्नकार्यावरच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेल्याचं म्हटलं होतं. ते मान्य केलं तरी माझी हरकत उरतेच. कडू घासात गाव त्या घराला जेवू घालतं. तेराव्याला तेच घर गावाला वाढतं. ज्यांनी हात द्यायचा, त्यांचीच सरबराई दुःखातल्या माणसांवर पडते. गोतावळा तर पहिल्या दिवसापासून दारावर येतच असतो.

आता सरकारी मदत असताना या रीतीची काय गरज, हा दुसरा प्रश्न. १९९५ पासून राष्ट्रीय कुटुंबलाभ योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला, तर एकदाच २० हजार रुपये मिळतात. पैसा हवाच. पण तो मिळवायला मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, अर्ज आणि तहसील कार्यालयाच्या खेपा लागतात, आणि नवरा गमावलेल्या बाईला त्या दिवसांत हे एकटीला झेपत नाही. म्हणून दारावर जाल, तेव्हा कागदांचीही चौकशी करा, आणि तहसीलला तिच्यासोबत जा.