कवडी: तुळजापूरची आणि घानाची

आपण भोपाळकर एरवी इथल्या तलावांच्या नाहीतर दुराहा सराईच्या तहाच्या गोष्टी सांगतो. आज जरा लांबची.

अमेरिकेत शिकणारी आमची नात यंदा उन्हाळ्यात कॉलेजतर्फे पश्चिम आफ्रिकेचा इतिहास शिकायला घानाला गेली होती. पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधायला घेतलेला एल्मिनाचा किल्ला, केप कोस्टच्या किल्ल्यातल्या गुलामांच्या अंधारकोठड्या, समुद्राकडचं ते दार, सगळं तिनं व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मी मात्र अडकलो तिच्या हातातल्या नोटेवर. जन्म बँकेत गेला, दुसरं काय! तिथलं चलन 'सेडी', १९६५ साली सुरू झालेलं. अकान भाषेतल्या कवडीच्या शब्दावरून हे नाव पडलं.

कवडी! म्हणजे भवानीच्या भुत्याच्या गळ्यातली माळ, कवडीमोल, फुटकी कवडी. पण ही कवडी आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर मिळत नाही. ती मालदीवची. मालदीवचे लोक कवड्या देऊन बंगाल-ओरिसातून तांदूळ न्यायचे.

इब्न बतूता १३४२ च्या सुमारास ग्वाल्हेर, चंदेरी, धार, उज्जैन करत दौलताबादला गेला, म्हणजे आपल्याच माळव्यातून. पुढे मालदीवला काझी झाला. तिथे एका सोन्याच्या दीनारला चार लाख कवड्या मिळत, असं तो लिहितो. दहाएक वर्षांनी सहारा ओलांडून मालीच्या राज्यात गेला, तर तिथे भाव दीनारला ११५०! साडेतीनशे पटींच्या आसपास फरक. आमच्या फॉरेन एक्स्चेंजवाल्यांनी स्वप्नातही पाहिला नसेल.

हा फरक मग पोर्तुगीज, डच, इंग्रज यांनी हेरला. जहाज हलू नये म्हणून तळाशी वजन लागतं, तिथे कवड्या भरायच्या. म्हणजे भाडं जवळजवळ फुकट. ॲमस्टरडॅम, लंडनला लिलाव आणि तिथून गिनीचा किनारा. घानाच्या बाजूला सोन्याची पूड जास्त चाले. पूर्वेला आजच्या बेनिनमध्ये मात्र माणसं कवड्यांनी विकत घेतली जात. सोबत गुजरात आणि मद्रासकडचं सुती कापडही असे.

नात म्हणाली, "आजोबा, म्हणजे यात आपलाही हात होता?"

मी म्हटलं, आपला माल होता, जहाजं त्यांची. पण एवढ्यावर सुटता येत नाही. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, किमतीसकट. कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्यानं गुलामीला कोर्टाचा आधार उरला नाही, तोवर आपल्याकडेही हा व्यवहार होता. आमच्या हिला हे नातीला सांगितलेलं आवडलं नाही. "पेशवाईतलं तेवढंच दिसलं का तुम्हाला?" म्हणे. तेवढंच नाही, पण तेही आहेच ना.

ग्वाल्हेर, इंदूर, देवास, नागपूरकडून भोपाळला आलेल्या आपल्या कितीतरी घरांत मोडी कागदांची गाठोडी पडून आहेत. कुणाच्या कागदांत कुणबिणीची नोंद असेल, तर नाव-गाव झाकून का होईना, इथे टाका. नातीला तिच्या प्रोजेक्टसाठी हवी आहे. आणि मलाही.