चुना, शिळा आणि प्लास्टर : पुणे परिसरातील चित्र व मूर्तिकलेच्या साहित्याचा इतिहास

प्रस्तावना

कलेचा इतिहास बहुधा कलावंत, आश्रयदाते, शैली आणि विषय यांच्या आधारे लिहिला जातो. चित्र कोणत्या पृष्ठभागावर काढले, रंग कशात कालवला, मूर्तीची माती कोठून आली, हे प्रश्न त्यात दुय्यम ठरतात. वस्तुतः कलाकृती किती काळ टिकणार, ती किती लोकांपर्यंत पोहोचणार आणि तिची दुरुस्ती कोण करू शकणार, या बाबी मुख्यतः साहित्यावर अवलंबून असतात.

मुळशी तालुक्यातील माण हे गाव आज हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान पार्कच्या विस्तारामुळे ओळखले जाते. मातीच्या भिंतींना पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात देणे, खालच्या बाजूस कावेचा पट्टा ओढणे आणि जमीन शेणाने सारवणे ही या भागातील घराघरांतील रीत होती. कोणती माती भिंतीला धरते, काव किती पातळ करावी, नवा हात केव्हा द्यावा, हे ज्ञान घरातच असे. सिमेंटच्या भिंती आणि डब्यातील तयार रंग आल्यावर त्या ज्ञानाची गरज उरली नाही. हा बदल केवळ घरांपुरता मर्यादित नाही. माणपासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा तीन ठिकाणी, म्हणजे पुण्याचा शनिवारवाडा, मावळातील मळवली आणि पाषाण येथे, त्याचे तीन टप्पे पाहावयास मिळतात.

या तीन टप्प्यांतील प्रमुख पदार्थ अनुक्रमे चुना, शिळाछापाचा दगड आणि प्लास्टर ऑफ पॅरिस हे होत. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तिन्ही कॅल्शियमची संयुगे आहेत. मूलद्रव्य तेच राहिले; मात्र त्याचे गुणधर्म जाणणारी व्यक्ती प्रत्येक टप्प्यावर बदलत गेली. साहित्याचे ज्ञान कलावंताच्या हातून सुटत गेले की त्याची किंमत प्रथम कलाकृतीला आणि नंतर समाजाला मोजावी लागते, असे या इतिहासावरून दिसून येते.

चुन्याची भिंत

दख्खनचा पठारी प्रदेश बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. पुणे परिसरात चुनखडकाचे मोठे थर नाहीत. त्यामुळे येथील चुना प्रामुख्याने जमिनीत आणि नदीकाठी आढळणारे चुनखडीचे खडे भाजून मिळविला जाई. भाजलेली कळी पाण्यात विरवून, वाळू मिसळून, बैलाने फिरविल्या जाणाऱ्या दगडी चाकाच्या घाणीत ती मळली जात असे. गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर अशी द्रव्ये गिलाव्यात मिसळण्याची पद्धत भारतात अनेक ठिकाणी होती. भिंत किती टिकेल हे बरेचसे चुना किती विरला आणि किती मळला यावर ठरत असे.

या भिंतीवर रंग देण्याच्या मुख्य पद्धती दोन होत. पहिलीत ओल्या चुन्यावर केवळ पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना वाळताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते आणि त्या पातळ स्फटिकमय थरात रंगाचे कण अडकून बसतात. दुसरीत वाळलेल्या पृष्ठभागावर डिंक किंवा सरस यांत कालवलेला रंग देतात. पहिल्या पद्धतीत रंगांची निवड चुना स्वतःच करतो. काव, पिवडी, हिरवी माती आणि काजळ हे चुन्याच्या क्षारतेत टिकतात. हरताळासारखे रंग कोरड्या भिंतीवरच द्यावे लागतात. म्हणून जुन्या भिंतीवर तांबडा व पिवळा रंग अधिक दिसला, तर ती केवळ चित्रकाराची आवड समजणे योग्य नव्हे. अनेकदा ती साहित्याने घातलेली मर्यादा असते.

शनिवारवाड्याचे बांधकाम 1730 मध्ये सुरू झाले व 1732 मध्ये वास्तुशांत झाली. 1828 च्या आगीत आतील लाकडी इमारती नष्ट झाल्या. दिल्ली दरवाजाच्या भागात गणपती व शेषशायी विष्णू यांच्या चित्रांचे अवशेष मात्र शिल्लक राहिले. वाईजवळ मेणवली येथील नाना फडणीसांच्या वाड्यातही पेशवेकालीन भित्तिचित्रे पाहावयास मिळतात. या चित्रांच्या मागे चितारी एकटा नव्हता. भट्टीवाला, घाणीवाला, गिलावा करणारा गवंडी आणि रंग वाटणारा मदतनीस यांचे श्रम त्याच भिंतीत सामावलेले आहेत. गवंड्याने गिलावा केव्हा पूर्ण केला हे चितारी जाणून असे, आणि चितारी केव्हा येणार याचे भान गवंड्याला असे.

साहित्याचे हे ज्ञान लोपल्यावर काय होते, याचे राज्यातील सर्वपरिचित उदाहरण अजिंठ्याचे आहे. तेथे मातीच्या गिलाव्यावर पातळ पांढरा हात देऊन कोरड्या पृष्ठभागावर सरसासारख्या बंधकातून रंग दिलेले आहेत; ती ओल्या चुन्यावरील चित्रे नव्हेत. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह 1872 ते 1885 या काळात त्यांच्या प्रतिकृती केल्या. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्या काळात मूळ चित्रांवर वॉर्निश लावले गेले. पुढे 1920 नंतर निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रे बळकट करण्यासाठी लाखेचा उपयोग केला. हेतू संरक्षणाचाच होता. परंतु हे थर कालांतराने पिवळे, काळसर पडले. ते काढण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ज्ञांना दीर्घकाळ करावे लागले.

कागद आणि शिळा

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात चित्राचा पृष्ठभाग बदलू लागला. चार्ल्स मॅलेट हा 1786 पासून 1797 पर्यंत पेशवे दरबारी इंग्रजांचा वकील होता. त्याच्या प्रोत्साहनाने व स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याच्या मार्गदर्शनाखाली पुण्यातील काही कलावंतांनी पाश्चात्त्य पद्धतीचे रेखांकन आत्मसात केले. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे नाव गंगाराम चिंतामण तांबट यांचे होय. वेरूळच्या लेण्यांची त्यांनी केलेली रेखाटने आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. त्यांच्या आडनावातील व्यवसाय हाताने पत्रा ठोकून आकार घडविण्याचा आहे, ही बाब लक्षणीय आहे. ठोस वस्तूचे माप जाणणाऱ्या परंपरेतून आलेला हात येथे सपाट कागदावर खोली दाखवू लागला.

कागद पुणे प्रांताला नवा नव्हता. जुन्नरचा हातकागद प्रसिद्ध होता. खळ देऊन आणि दगडाने घोटून त्याला गुळगुळीत केले जाई, जेणेकरून बोरूची शाई फुटू नये. परंतु जलरंगातील छायाप्रकाशाला पाणी काही प्रमाणात शोषणारा कागद लागतो. नव्या तंत्राबरोबर नवा कागद आणि नवे रंग बाहेरून आले. येथूनच चित्रकार हा साहित्य तयार करणारा न राहता साहित्य विकत घेणारा होऊ लागला.

पुढचा बदल शिळाछापाने घडविला. ओलसर चुनखडक पाणी धरतो आणि तेलकट शाई झिडकारतो. मात्र त्यावर तेलकट खडूने काढलेली रेघ शाई धरते. जर्मनीत अठराव्या शतकाच्या अखेरीस झेनेफेल्डर याने या साध्या तत्त्वावर मुद्रणाची पद्धत उभारली. त्यासाठी बव्हेरियातील झोलनहोफेन येथील अतिसूक्ष्म कणांचा चुनखडक सर्वोत्तम मानला जाई. रंगीत छपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागते. चित्र शिळेवर उलटे काढावे लागते आणि सर्व रंग कागदावर तंतोतंत एकमेकांवर बसावे लागतात.

पुण्यात 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सहकाऱ्यांसह चित्रशाळा स्थापन केली. देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची तिची शिळाछाप चित्रे महाराष्ट्रातील घरांच्या भिंतींवर पोहोचली. राजा रवि वर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळवली येथे हलविण्यात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि 1972 च्या आगीत नष्ट झाला. ही वास्तू लोहमार्गालगत आणि कार्ले-भाजे लेण्यांच्या परिसरात होती. ज्या डोंगरात शतकानुशतके पाषाण छिन्नीने कोरला गेला, त्याच्या पायथ्याशी परदेशी दगडावर तेलकट खडूने देव उमटू लागले.

या छपाईचा सामाजिक परिणाम मोठा होता. वाड्यातील चित्र पाहण्यास वाड्यात प्रवेश हवा होता. छापील चित्र मात्र अल्प किमतीत कोणत्याही घरात जाऊ शकत होते. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यापासून दूर ठेवले जाई, त्यांच्या घरातही देवतेची तसबीर लागू शकली. ही प्राप्ती नाकारता येत नाही. त्याच वेळी एका चित्रामागील ज्ञानाची वाटणी झाली. मूळ तैलचित्र करणारा, रंगांची फोड करणारा, शिळा घोटणारा आणि यंत्र चालविणारा हे वेगळे झाले. अनेकदा चित्राखाली एकच नाव राहिले.

तयार रंगांच्या बाबतीतही पुढे हेच घडले. 1931 मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या निर्मितीपासून आरंभ केलेला कॅम्लिन हा उद्योग पुढे चित्रकलेच्या रंगांकडे वळला. शाळकरी मुलाला स्वस्त, स्वदेशी रंग मिळाले. पण त्या पेटीतील तांबडा कोणत्या मातीचा वा रसायनाचा, हा प्रश्न विचारण्याची गरज उरली नाही.

प्लास्टरची मूर्ती

शाडूची मूर्ती घडविण्यास माती भिजविणे, मळणे, साच्यात दाबणे, हातकाम करणे आणि सावलीत वाळविणे असे अनेक दिवसांचे काम असते. ती जड आणि ठिसूळ असल्याने मोठ्या आकाराला व दूरच्या वाहतुकीला मर्यादा पडतात. प्लास्टर ऑफ पॅरिसने या मर्यादा दूर केल्या. जिप्सम सुमारे 150 अंश सेल्सिअस तापमानाला भाजला असता त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते. मिळालेल्या भुकटीत पाणी घालताच काही मिनिटांत ती पुन्हा घट्ट होते आणि किंचित फुगून साच्याचा बारीक तपशील उचलते. काथ्या घालून पोकळ, हलक्या व उंच मूर्ती वेगाने तयार होऊ लागल्या. कारागिराला वर्षभर काम मिळाले, तर ग्राहकाला मूर्ती स्वस्तात मिळू लागली.

येथेही साहित्याच्या एका गुणधर्माचा विचार झाला नाही. शाडू पाण्यात विरघळते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तिचे कण सुटे होतात. घट्ट झालेले प्लास्टर मात्र सुटे होत नाही आणि पाण्यात फारच अल्प प्रमाणात विरघळते. विसर्जनाची कल्पना मातीच्या गुणधर्मावर उभी आहे. साहित्य बदलले तरी विधी तोच राहिला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 मध्ये विसर्जनविषयक मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि 2020 मध्ये ती अधिक कडक केली. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास व विकण्यास मुभा दिली; परंतु नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनाचा प्रश्न वेगळा ठेवला. या वादात एका बाजूस नद्या आहेत, तर दुसऱ्या बाजूस मूर्तिकारांची पोटे आहेत.

पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने याच प्रश्नावर पद्धत सुचविली. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती ठेवून द्रावण अधूनमधून ढवळले असता कॅल्शियम सल्फेटचे कॅल्शियम कार्बोनेट बनते आणि द्रावणात अमोनियम सल्फेट हे खत उरते. पुण्यात घरगुती विसर्जनासाठी तिचा उपयोग झाला. मोठ्या मूर्तींना ती सहज लागू पडत नाही, ही तिची मर्यादा होय. तरीही तळाशी बसणारा पांढरा गाळ लक्षात घेण्याजोगा आहे. शनिवारवाड्याच्या भिंतीत रंग धरून ठेवणारा आणि मळवलीच्या शिळेत शाईची रेघ पेलणारा पदार्थ तोच आहे. मूर्तिकाराच्या हाती एके काळी असलेले ज्ञान येथे प्रयोगशाळेला परत मिळवावे लागले.

समारोप

वरील विवेचनावरून साहित्यातील बदल हा केवळ ऱ्हास ठरत नाही. शिळाछापाने चित्र सर्वांचे केले, प्लास्टरने अनेकांना रोजगार दिला. आक्षेप बदलाला नाही. साहित्य स्वीकारताना त्याचे ज्ञान न स्वीकारण्याला आहे. याचा तातडीचा संबंध उरलेल्या वाड्यांशी आहे. चुन्याची भिंत ओलावा आत-बाहेर जाऊ देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा दिल्यास ओलावा अडतो, सिमेंटमधील विद्राव्य क्षार चुन्याच्या थरात उतरतात आणि तेथे त्यांचे स्फटिक बनताना रंगाचे पोपडे सुटतात. चांगल्या हेतूने केलेली अशी एक दुरुस्ती अडीचशे वर्षांचे चित्र थोड्या पावसाळ्यांत नष्ट करू शकते.

म्हणून पुणे, पिंपरी-चिंचवड व मुळशी परिसरातील महाविद्यालयांत इतिहास, रसायनशास्त्र आणि चित्रकला या विषयांच्या अध्यापकांनी एकत्रितपणे काही कामे हाती घेणे शक्य आहे. चुन्याचे काम जाणणारे वृद्ध गवंडी, शिळा घोटलेले मुद्रणकामगार आणि शाडूचे काम टिकवून असलेले मूर्तिकार यांच्या पद्धतींची तपशीलवार नोंद करणे, हे त्यांतील पहिले काम होय. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. वही, वजनकाटा आणि ऐकून घेण्याची तयारी पुरेशी आहे. भिंतीचे नमुने उद्याही तपासता येतील. चुना केव्हा 'तयार झाला' हे बोटांनी ओळखणारा माणूस मात्र त्या वेळी असेलच असे नाही.