आजीचे गाव

हेंद्रेपाड्यातून निघून बदलापूरला लोकल पकडली की अंबरनाथनंतर उल्हासनगर. दोनच स्टेशनं. नोकरीची बरीच वर्षं मी हा प्रवास केला. माझ्या वर्गात निम्मी मुलं सिंधी असत. मी त्यांना मराठी आणि इतिहास शिकवायचो.

एकदा नववीला 'माझे गाव' हा निबंध दिला. एका मुलाने कौलारू घर, विहीर, आमराई असं सगळं गाईडातलं उतरवून आणलं. मी लाल शाईने शेरा मारला, "स्वतःचे लिही." तास संपल्यावर तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, आम्हाला गावच नाही. काय लिहू?"

मला उत्तर सुचेना. मी इतिहासाचा शिक्षक, आणि रोज ज्या शहरात उतरत होतो त्याचाच इतिहास विसरलो होतो!

१९४७ साली पंजाब आणि बंगाल यांची वाटणी झाली, सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. कराचीहून बोटीने मुंबईला आलेल्या हजारो निर्वासितांची सोय कल्याणजवळच्या महायुद्धकाळातल्या लष्करी छावणीत, बराकींमध्ये झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पण 'कॅम्प नंबर' लोकांच्या तोंडून आजही गेलेला नाही. स्वतःचं राज्य नसलेल्या सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळायला १९६७ साल उजाडावं लागलं.

मी त्याला म्हटलं, "घरी आजीला विचार आणि ती सांगेल ते लिही."

आठवड्याने तो वही घेऊन आला. वहीत सिंधू नदी होती, नदीतला पल्ला मासा होता, बोटीवर हरवलेली एक पेटी होती. मग सगळ्या वर्गालाच आजीकडून शब्द आणायला सांगितले. सिंधीतही पाण्याला 'पाणी'च म्हणतात, आपला 'ण' तिथेही आहे. माणूस म्हणजे 'माण्हू'. मराठी मुलं चकित झाली. आपल्या आडनावातल्या 'कर'मध्ये बहुधा गाव असतं, त्यांच्या 'आणी'मध्ये पूर्वज असतो, हे फळ्यावर लिहिलं तेव्हा तो मुलगा घाईघाईने वहीत उतरवून घेत होता. गाव सुटलं, पण पणजोबांचे पणजोबा नावात राहिले होते.

एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, मला सिंध आठवत नाही. माझं गाव कॅम्प तीनच." तिचंही बरोबरच होतं. तिलाही मी पूर्ण गुण दिले.

त्या मुलाच्या वहीतला माझा शेरा मी खोडला. त्याने मथळा बदलून 'आजीचे गाव आणि माझे गाव' असा केला होता.

आता आपल्या घरातलीही नातवंडं परदेशात वाढतायत. ती सुट्टीत आली की आपण लगेच विचारतो, "तू इथला की तिथला?" मंडळी, त्याआधी त्यांना एखादी जुनी गोष्ट सांगू या. त्यांच्या 'आणि'ला जागा ठेवू या.