आसंजके

आसंजक म्हणजे दोन पृष्ठभागांना एकमेकांशी घट्ट जोडून ठेवणारा पदार्थ होय. डिंक, खळ, सरस ही पारंपरिक आसंजके आणि आजची बहुतेक कृत्रिम आसंजके कार्बनी संयुगांची बनलेली असतात. त्यामुळे त्यांचे गुणधर्म सेंद्रिय रसायनशास्त्राच्या, विशेषतः बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) अभ्यासातून समजतात.

पारंपरिक आसंजके

बाभळीचा डिंक आणि गव्हाची खळ यांत कर्बोदकांच्या लांब साखळ्या असतात. त्यांवरील हायड्रॉक्सिल गट कागदातील सेल्युलोजशी हायड्रोजन बंध निर्माण करतात. हेच गट पाण्याच्या रेणूंशीही बंध जोडतात; म्हणून भिजल्यावर असा जोड सुटतो. सरस हे जनावरांची कातडी व हाडे यांतील कोलॅजेन या प्रथिनापासून तयार होते. ते तापवून वापरावे लागते.

कृत्रिम आसंजके

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ क्लाटे यांनी १९१२ मध्ये व्हायनिल ॲसिटेट तयार केले. त्याच्या बहुवारिकाचे पाण्यातील पायस म्हणजे सुतारकामातील पांढरे आसंजक. पाणी लाकडात शोषले गेले व उडून गेले, की बहुवारिकाचे कण एकत्र येऊन सलग थर बनतो. बलवंत पारेख यांच्या मुंबईतील पिडिलाइट उद्योगाचे, १९५९ पासूनचे 'फेव्हिकॉल' याच प्रकारचे आहे. तापवावे लागत नसल्यामुळे सुतारकामात अशा आसंजकांनी सरसाची जागा घेतली.

इतर काही आसंजके रासायनिक अभिक्रियेने घट्ट होतात. इपॉक्सीमध्ये राळ व दृढकारक मिसळल्यावर साखळ्यांमध्ये आडवे सहसंयुजी बंध तयार होतात. सायनोॲक्रिलेटचे बहुवारिकीकरण पृष्ठभागावरील ओलाव्यामुळे काही सेकंदांत सुरू होते; त्यामुळे ते बोटांनाही तत्काळ चिकटते.

आरोग्यविषयक प्रश्न

प्लायवुडमध्ये यूरिया-फॉर्माल्डिहाइड किंवा फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळ वापरतात. यूरिया-फॉर्माल्डिहाइडमधील बंध दमट, उष्ण हवेत हळूहळू तुटून फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. फिनॉल-फॉर्माल्डिहाइडमधील कार्बन-कार्बन बंध अधिक टिकाऊ असल्याने त्यातून हा वायू बराच कमी सुटतो व जोड पाण्यातही टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडचे वर्गीकरण मानवात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ असे केले. म्हणून घरातील फर्निचरसाठी कमी उत्सर्जनाचे प्लायवुड निवडणे आणि नव्या फर्निचरच्या खोलीत हवा खेळती ठेवणे हितावह ठरते.