वाळकी काटकीसुद्धा नाही: आहुप्याची देवराई आणि १९८५ साल

मारुंजीतल्या माझ्या खोलीतून हिंजवडीचे काचेचे टॉवर दिसतात. त्याच हिंजवडीच्या म्हातोबाच्या बगाडाचं लाकूड मात्र आजही मुळशीच्या रानातून येतं. देव आणि रान यांचं नातं असं आमच्या दाराशीच आहे, आणि माझी पीएचडी त्याच्या इतिहासावर आहे. देवरायांची नोंद कुणी केली, आणि त्या नोंदीत गावकरी कुठे आहेत, एवढाच माझा प्रश्न.

गेल्या हिवाळ्यात मी आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याला गेलो होतो. भीमाशंकरच्या डोंगररांगेतलं हे महादेव कोळ्यांचं गाव. भैरवनाथाची देवराई दाखवायला गावातले एक बाबा सोबत आले. कडेलाच त्यांनी थांबवलं. "चपला हितंच काढा. आन आतलं काय बी न्यायचं न्हाई. वाळकी काटकी बी न्हाई."

आत गारंबीच्या जाडजूड वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या. मी एमएस्सी वनस्पतिशास्त्रात केलेली, त्यामुळे सवयीनं हात खाली पडलेल्या पानाकडे गेला. वनखात्याचं पत्र आहे माझ्याकडे, असंही सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, "पत्र खात्याचं. देवाला कुठं इचारलंय तुमी?"

नमुन्याची पाकिटं रिकामीच परत आली. खरं सांगायचं तर तेव्हा चिडलो होतो.

नंतर जुनी कागदपत्रं पुन्हा वाचायला घेतली. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी देवरायांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. त्यांच्या १९८१ च्या यादीत महाराष्ट्रातल्या २३३ देवराया आहेत. आपण म्हणतो, शास्त्रज्ञांनी देवराया 'शोधल्या'. पण श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनीच, आमची देवराई तोडीपासून वाचवा, म्हणून शास्त्रज्ञांना गाठलं होतं. कारण गावाला पाणी देणारा ओढा त्या देवराईतून येत होता. देवराई का राखायची, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

माझ्या वहीत १९८५ साल दोनदा येतं. त्या वर्षी २६ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलिया सरकारनं वाळवंटातला उलुरू हा पवित्र खडक अनंगू लोकांना परत दिला. अर्थात अट होती: ती जमीन त्यांनी लगेच ९९ वर्षांच्या करारानं राष्ट्रीय उद्यानासाठी द्यायची. खडकावर चढू नका, ही त्यांची विनंती पर्यटक पुढेही धुडकावत राहिले. चढाई कायमची बंद झाली ती २६ ऑक्टोबर २०१९ ला, म्हणजे ३४ वर्षांनी. तरी मालक म्हणून नाव त्यांचं लागलं.

त्याच १९८५ मध्ये इकडे भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं. पिढ्यान्‌पिढ्या रान राखणारे, हिरडा गोळा करून घर चालवणारे लोक आपल्याच रानात परवानगी मागणारे झाले. गावाचा रान राखण्याचा हक्क कायद्यात आला तो २००६ च्या वनहक्क कायद्यानं.

आमच्या विषयात 'परवानगी' म्हणजे खात्याचा शिक्का. मलाही तेवढंच ठाऊक होतं. आता प्रबंधाच्या तक्त्यात आहुप्यापुढे मी लिहिलंय: नमुने ०, कारण: गावाची परवानगी नाही. पुढच्या वेळी आधी गावात बसेन. विचारायचं कुणाला, हेही त्यांनाच विचारेन.